गिअरबॉक्स खाली करा

चुकीचं मराठी मला घरात खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते एका शब्दावरून घडलं, आणि तो शब्द मराठी समजायचा की हिंदी, यावर माझी गाडी अडली होती. देवासात आमच्या किती पिढ्या गेल्या कोण जाणे. पूर्वजांनी दरबारात मुजरे केले, आम्ही आता बिलाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहतो. पण भाषेची वाटणी मी लहानपणापासून पाळत आलेय : रस्त्यावर हिंदी, मंडईत माळवी, उंबऱ्याच्या आत मराठी. माझा धाकटा भाऊ विक्रमसिंह मात्र तिन्हींची खिचडी करतो. "अक्का, चाबी मिळून नाही राहिली," असं म्हणतो. मी म्हणते, किल्ली सापडत नाही म्हण. तो म्हणतो, "तेच तर म्हटलं."

माझं नाव कुसुमावती, पण साऱ्या गल्लीची मी अक्काच. डावा पाय पोलिओने नेला तेव्हा मी नीट चालायलाही लागले नव्हते. त्यामुळे अर्धं आयुष्य मला कुणीतरी न्यायचं आणि कुणीतरी आणायचं. लग्नाकार्यात मला एका खुर्चीवर ठेवून देत, वर "अक्का, काही लागलं तर सांगा हं" असं म्हणत आणि निघताना मला उचलायची आठवण सर्वांत शेवटी होत असे. नवरा, संसार या गोष्टी माझ्या वाटेला आल्याच नाहीत. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. दुसऱ्याच्या सोयीने उठायचं आणि दुसऱ्याच्या सोयीने बसायचं, त्याचा मात्र मला मनापासून वीट आला होता.

मग विक्रमने व्हॅन आणली. तो इथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. परदेशी इंजिनिअरांसाठी मागवलेली एक जपानी व्हॅन ते लोक गेल्यावर मागे राहिली आणि लिलावात निघाली. ऑटोमॅटिक आहे म्हणून तिला कुणी हात लावेना. विक्रमने ती घेतली, दारात उभी केली आणि म्हणाला, "हिच्यात क्लच नाही. दोनच पेडल. डाव्या पायाला कामच नाही. बसा." मी बसले. कारखान्यामागच्या माळावर त्याने मला शिकवलं. मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून एका बाभळीत घुसले, तेव्हाही तो ओरडला नाही. खाली उतरून बाभळीला "माफ करा" म्हणाला.

तेव्हापासून मी धारपलीकडच्या बाग गावाहून कापड आणून विकते. लाकडी ठशांनी हाताने छापलेल्या साड्या, ओढण्या, चादरी. पंधरवड्याला एकदा सोमवारी निघायचं, धारला प्रमोदिनीकडे उतरायचं, मंगळवारी बागला जाऊन छपाईवाल्यांकडे माल पाहायचा, पुन्हा धारला मुक्काम आणि बुधवारी देवास. प्रमोदिनी माझी मैत्रीण, निवृत्त शिक्षिका आहे आणि मराठीच्या बाबतीत माझ्याहून कडक. आम्ही दोघी रात्री जेवताना लोकांच्या चुका काढतो. ते तीन दिवस माझे असतात. त्या तीन दिवसांत मला कुणी उचलत नाही.

यंदा दिवाळीनंतरच्या फेरीत धारहून निघताना गाडीच्या मधल्या भागातून खडखड ऐकू येऊ लागली. प्रमोदिनी फाटकाशी उभी होती. "तुझ्या गाडीच्या पोटात कुणीतरी खलबत्ता कुटतंय," ती म्हणाली. गाडी नुसती उभी असताना आवाज यायचा, गिअर टाकला की वाढायचा. तशीच देवासपर्यंत आणली. घरी आले तर नेहमीप्रमाणे अंगणात अंधार होता आणि सोमवारी मी करून ठेवलेली भाजी फ्रिजमध्ये होती तशीच होती. विक्रमची बायको इंदुमती गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी नसले की हा माणूस पोळ्या लोणच्याशी खातो आणि दिवाही लावत नाही. मला वाटायचं, शुद्ध आळस आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने इंदूरच्या शकूरभियाला फोन लावला. आमच्या भागात ऑटोमॅटिक गाड्यांचं काम जाणणारा तोच. विक्रम अंगणात फेऱ्या मारत बोलत होता, मी ओट्यावर मेथी निवडत होते. फोन ठेवून तो माझ्याकडे आला.

"शकूर म्हणतोय, गिअरबॉक्स खाली करा."

"उतरवा म्हणावं," मी म्हटलं. "आणि तो येणार नाही का?"

"त्याला वेळ नाही. मीच करतो."

मी मान हलवली. गिअरबॉक्स खाली करायचा म्हणजे गाडीतून काढून जमिनीवर घ्यायचा, यात मला शंका यायचं कारणच नव्हतं.

आमच्या शेजारी तुकोजीराव राहतात. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान आहे, आणि न विचारता सल्ला देण्याची त्यांना जन्मजात आवड आहे. त्यांनी चाकांवर सरकणारा जॅक आणून दिला. विक्रमने व्हॅन ठोकळ्यांवर चढवली आणि बॅटरी सोडली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा काढून भिंतीशी उभा केला. मग गिअरची तार, तेल थंड करायच्या नळ्या, स्टार्टर असं एकेक निघत गेलं. मी पाटावर बसून बॅटरीचा दिवा धरला होता. गिअरबॉक्सच्या तोंडाशी जाडजूड पातेल्यासारखा एक बंद डबा असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. दुसऱ्या गाड्यांत क्लच जे करतो ते हा डबा तेलाच्या जोरावर करतो. थोडक्यात, माझ्या डाव्या पायाचं काम इतकी वर्षं तो करत आला होता. तो इंजिनाला नटांनी जोडलेला असतो, पण खालच्या भोकातून दिसतो एका वेळी एकच नट. तो सोडवायचा, पान्याने इंजिन थोडं फिरवायचं, की पुढचा समोर येतो. इथे घाई चालत नाही. एक नट विसरून गिअरबॉक्स ओढला तर आतलं सगळं मोडतं.

विक्रम मजेत होता. कितीतरी महिन्यांनी तो गुणगुणताना ऐकला. "दिवा इकडे, अक्का. नाही, इकडे. तुमचं लक्ष कुठे आहे?" असं मलाच दटावत होता. मध्येच चहा मागितला, वर शिळी पोळीही मागितली. मला बरं वाटलं. माणसाला काम हवं असतं, असं मी मनात म्हटलं.

तेल काढलं तेव्हा परातीत लाल धार पडली. लाल रंग मला कळतो. बागच्या कापडावरचा लाल चांगला उतरला की बिघडला, हे मी दारातून सांगते. हे तेल नितळ लाल होतं. त्यात कचरा नव्हता की काळेपणा नव्हता.

"स्वच्छ आहे की रे," मी म्हटलं.

"वरवर," तो म्हणाला आणि परात उचलून मागच्या अंगणात घेऊन गेला.

दुपारी तुकोजीरावांनी हात लावला आणि गिअरबॉक्स पट्ट्याने जॅकला बांधून मागे ओढला. डबा घसरून पडू नये म्हणून विक्रमने त्याला दोन्ही हातांनी गिअरबॉक्सशी दाबून धरलं होतं. सगळं धूड हळूहळू जमिनीवर आलं. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर तुकोजीराव दुकानातून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढत आणत होते. गोणपाट सुटलं. आत दुसरा एक गिअरबॉक्स होता, लहान, कळकट. त्याच्याबरोबर तीन पेडलं होती.

तिसरं पेडल क्लचचं, म्हणजे डाव्या पायाचं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सादा गिअर," तुकोजीराव खुशीत म्हणाले. "भैयासाहेबांनी कालच सांगून ठेवला होता. अक्का, आता टेन्शन संपलं. कुठेही, कोणीही रिपेअर करेल. ह्या ऑटोमॅटिकच्या लफड्यात कशाला पडायचं?"

मी विक्रमकडे पाहिलं. तो हात पुसत होता, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिला.

"एवढा खाली केलाच आहे तर बसवून टाकू, अक्का," तो म्हणाला. "ड्रायव्हर ठेवू. ओळखीचा आहे एक, बागली गावचा, चांगला मुलगा आहे. तो बागला जाईल, तुम्ही फोनवर फोटो बघून माल पसंत करा."

"आणि मी?"

"तुम्ही आरामात घरी बसा. वय झालं की आता."

"बसा," मी म्हटलं. "बसण्यात माझा चांगला हातखंडा आहे. निम्मं आयुष्य तेच केलं."

तुकोजीरावांना दुकानाची आठवण झाली आणि ते निघून गेले. मी आत आले. ज्याने मला पाय दिला तोच तो काढून घेत होता, आणि तेही माझ्याच हातात दिवा देऊन. ऑटोमॅटिक खरंच कामातून गेला आहे का, हे तरी कुणी मला सांगावं म्हणून मी शकूरभियाला फोन लावला.

"शकूरभिया, गिअरबॉक्स तो उतर गया. अब बताओ, बिल्कुल खराब है क्या?"

"उतर गया? अक्काजी, उतारने को किसने बोला?"

"तुमने ही. खाली करो, ऐसा बोले ना?"

"अरे खाली करो मतलब तेल निकालो! खाली करके देखो, तेल में लोहे का चूरा है क्या. चूरा हो तो गिअर का डिब्बा गया. साफ हो तो डिब्बा चंगा है, आवाज किधर और से है. तेल कैसा निकला?"

"लाल," मी म्हटलं. "एकदम साफ."

"तो फिर डिब्बे को हाथ क्यों लगाया?"

फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे खाली. रिकामा करायला सांगितलेला गिअरबॉक्स या गृहस्थाने जमिनीवर आणून ठेवला होता! मी जन्मभर कानीकपाळी ओरडत आले की भाषा सांभाळा, भाषा सांभाळा, आणि आता पाहा. धारला प्रमोदिनीला सांगायला केवढा मसाला मिळाला. मी हसत हसत पदराने डोळे पुसले.

मग हसू थांबलं.

विक्रमची सगळी नोकरी हिंदीत झाली. टंकी खाली करो, लाइन खाली करो, गाडी खाली करो, हे तो दिवसभर म्हणत आणि ऐकत आला. त्याच्या मराठीतही खाली म्हणजे रिकामंच असतं. "डबा खाली झाला, अक्का," असं तो म्हणतो आणि मी "रिकामा" असं म्हणते, हे आमच्या स्वयंपाकघरात रोज चालतं. तो शब्द मराठीत ऐकण्याची चूक मी करीन. प्रमोदिनी करील. विक्रम स्वप्नातही करणार नाही. त्याला शकूरचं म्हणणं नीट कळलं होतं. ते माझ्यापर्यंत आणताना मात्र त्याने शब्द जसाच्या तसा ठेवला आणि अर्थ लावायचं माझ्यावर सोपवलं. खोटं म्हणून एक अक्षर तो बोलला नव्हता. आणि तेलात चुरा नाही हे पाहून त्याने परात मागे नेली होती.

मी कुबडी घेऊन बाहेर आले. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं. विक्रम गाडीखालून अर्धा बाहेर येऊन बसला होता. इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये एक पातळ गोल पत्रा असतो, ताटाएवढा, दोघांना जोडणारा. तो त्याने काढून मांडीवर घेतला होता आणि चिंधीने पुसत होता. मला पाहून तो उठला नाही.

"अक्का, इकडे या," तो म्हणाला. "बोट द्या."

मी रागात होते, पण बोट दिलं. त्याने ते धरून पत्र्याच्या मधल्या नटांच्या भोकांपाशी फिरवलं. माझं नख अडकलं. तिथे केसासारखी बारीक चीर होती. एका भोकापासून निघून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत गेलेली.

"हा वाजत होता," तो म्हणाला. "गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही. हा पत्रा नवा टाकला की गाडी पहिल्यासारखी. नुसतं तेल काढलं असतं तर हा दिसला नसता."

मी त्याच्यासमोर पाटावर बसले. हे त्याने मला सांगायची काही गरज नव्हती. तुकोजीरावांचा गिअरबॉक्स दोन हातांवर पडला होता. पत्रा गोणपाटात गुंडाळून भंगारात टाकला असता तर मला कधीच कळलं नसतं. त्यामुळे माझा आवाज मला हवा तेवढा चढेना.

"शकूरने काय करायला सांगितलं होतं?"

"खाली करायला."

"आणि तुला काय कळलं?"

तो पुन्हा पत्रा पुसू लागला.

"विक्रम, मी शकूरशी बोलले आहे."

"मला माहीत होतं तुम्ही बोलाल," तो म्हणाला. "तुम्ही रागवाल, तेही माहीत होतं."

"रागावलेच आहे. मला घरात डांबायचं होतं तर तसं तोंडावर सांगायचं. असा शब्दाआड कशाला लपलास?"

त्याने पत्रा जमिनीवर ठेवला. चिंधीची घडी घातली, उलगडली, परत घातली. साठीला आलेला माणूस, पण मान खाली घालून बसला की अजून शाळेतून मार खाऊन आल्यासारखा दिसतो.

"तुम्ही गेलात की घर खाली होतं, अक्का."

माझ्या तोंडाशी 'रिकामं' आलं होतं. ते मी गिळलं.

"इंदू होती तोवर समजत नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही सोमवारी जायच्या, बुधवारी यायच्या. आम्ही म्हणायचो, चला, दोन दिवस कुणी चुका नाही काढणार. आता सोमवारी फाटक लावलं की मी आत येतच नाही. इथेच बसतो ओट्यावर. किती वाजले ते बघायलाही आत जात नाही. आवाज सुरू झाला ना गाडीत, खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, देवाने ऐकलं."

"म्हणून माझा पाय काढायला निघालास?"

"हो," तो म्हणाला. निदान 'तसं नाही, तसं नाही' तरी म्हणेल असं मला वाटलं होतं. "पण हा हातात आला आणि माझ्याने पुढे होईना. मीच तर शिकवलं होतं तुम्हाला."

मला त्याचा राग आला होता आणि त्याच्यासाठी गलबलूनही आलं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवावं ते कळेना. मी त्याला भरपूर बोलले. ते सगळं इथे देत नाही, त्यात माझं मराठीही फारसं शुद्ध राहिलं नव्हतं. बोलून झाल्यावर मी त्याला म्हटलं की आज भाजी गरम आहे तोवर जेव. तो जेवला. दोनदा वाढून घेतलं.

पत्रा शकूरभियाकडच्या एका मोडीत काढलेल्या गाडीतून मिळाला. तो देण्याआधी त्याने विक्रमला फोनवर मिनिटभर काहीतरी ऐकवलं, विक्रम नुसता "हां भिया, हां भिया" करत राहिला. गिअरबॉक्स चढवायचं काम उतरवण्यापेक्षा नाजूक निघालं. कन्व्हर्टर हाताने फिरवत फिरवत आत बसवावा लागतो. तो टप्प्याटप्प्याने खोल जातो, आणि शेवटच्या टप्प्याला पोचला नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. विक्रम डोळे मिटून फिरवत होता. "बसला," तो म्हणाला, आणि तरीही पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मी दिवा धरला होता. या वेळी त्याने मला दटावलं नाही. गाडी सुरू केली, गिअर टाकला. खडखड गेली होती. सादा गिअर आणि तीन पेडलं गोणपाटात बांधून तुकोजीरावांकडे परत गेली. "पस्तावाल, अक्का," ते म्हणाले. मी त्यांना चहा पाजला.

सोमवार आला. पहाटे उठून मी पोळ्या केल्या, भाजी केली आणि ती फ्रिजमध्ये न ठेवता डब्यात भरली. विक्रमच्या ते लक्षात आलं नाही. त्याने नेहमीप्रमाणे माझी पिशवी गाडीत ठेवली, कुबडी मागे आडवी टाकली, फाटक उघडलं आणि खिडकीशी येऊन उभा राहिला.

"पोचलात की फोन करा," तो म्हणाला. त्याच्या अंगात घरातलाच सदरा होता, पायात सपाता.

माझ्या डाव्या हाताची सीट कायम कापडाच्या गठ्ठ्यांची. जाताना गठ्ठे बांधायच्या रिकाम्या चादरी तिथे पडलेल्या असतात, येताना माल. आदल्या संध्याकाळी मी ते सगळं मागे सारून सीट झाडून घेतली होती. आता मी वाकून पलीकडचं दार आतून उघडलं. त्याच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून मी समोरच्या काचेकडे बघत म्हटलं,

"ही सीट खाली आहे."

मी गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. मला वाटलं, याला ऐकू गेलं नाही, किंवा कळूनही तो लोक काय म्हणतील या विचारात पडला. बहिणीने चालवायचं आणि याने शेजारी बसायचं, हे आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. मग तो खिडकीत वाकला. त्याचे डोळे भरले होते, पण ओठ एका बाजूला हसू दाबत होते. मला चांगले ओळखीचे आहेत ते, बाभळीची माफी मागताना होते तसेच.

"रिकामी म्हणावं, अक्का," तो म्हणाला, आणि चपला नि कुलूप आणायला आत गेला.